वाचक विचारतात : घोडा की साप, मकर की कुंभ?

मागच्या अंकात याच पानावर मी सहज एक ओळ लिहून गेलो, की चिनी पत्रिका मांडायला ग्रह लागत नाहीत, पंचांग लागतं. झालं. त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले, एक फोन तर रात्री साडेदहाला आला, तेही बर्डीच्या सिग्नलवरून, की या वेळचं पान त्यालाच देऊन टाकतो. तिळगूळ आणि हळदीकुंकवाचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, रागावू नका.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे कोणी मला मोठा ज्योतिषी समजणार नाही. मी जन्मभर बँकेत होतो. पंचांग वडिलांकडून आलं आणि चिनी पत्रिकेचं वेड लागलं ते कलकत्त्याला बदली झाली तेव्हा. तिथं बेंटिंक स्ट्रीटला चिनी लोकांची जोड्यांची दुकानं होती, त्यातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारांशी ओळख झाली, आणि एकदा जोडे घालून बघता बघता मी त्यांना माझी जन्मतारीख सांगितली. त्यांनी ना कागद घेतला ना पेन. डाव्या हाताचा अंगठा अनामिकेच्या बुडाला टेकवला, तिथून मधलं बोट, मग तर्जनी, तर्जनीच्या पेरांवरून वर, टोकाटोकाने करंगळीकडे आणि पुन्हा खाली, अशा चार बोटांच्या कडेकडेने बारा जागा. आमची आजी माळ नसली की जप असाच पेरांवर मोजायची. अंगठा दोनतीनदा फिरला आणि त्यांनी विचारलं, "मे महिन्यात तुमच्या गावात गरम असतं का?" मी म्हटलं, नागपूर आहे हो, विचारू नका. तर म्हणाले, "मग तुला पाणी लागणार." शनी कुठे, मंगळ कुठे, अवाक्षर नाही, फक्त ऋतू विचारला. बाकी सगळं मी नंतर शिकलो पण खरा फरक त्याच दिवशी कळला होता.

आता पत्रं.

प्रश्न : काका नमस्कार, मी प्रताप नगरला राहते. माझा जन्म ३० जानेवारी १९९०, सकाळी ११ वाजून २० मिनिटं, नागपूरचाच. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या नादाने मी चायनीज हॉरोस्कोपचे ॲप टाकले आणि डोकं पार भंजाळून गेलं. एक म्हणते तू घोडा, दुसरं म्हणते साप. इंग्लिश मासिकात मी अ‍ॅक्वेरियस म्हणजे कुंभ, आणि आपले गुरुजी म्हणतात तुझा रवी मकरेत आहे. वरून एका ॲपने सांगितलं तुझ्यात धातू शून्य, म्हणजे नवऱ्याचा योग नाही, तर दुसरं म्हणून राहिलं धातू आहे पण पाणी शून्य. आईने ते पहिलं वाचलं तेव्हापासून ती जेवून नाही राहिली नीट. मी नेमकी आहे तरी कोण?

उत्तर : बेटा, आधी आईला जेवायला घाल. बाकीचं एकेक करून सोडवू, कारण तुझी तारीख अशी नेमकी आहे ना, की दोन्हीकडचे सगळे सांधे तिच्यात दिसतात, मी स्वतः शोधून काढली असती तरी एवढी चांगली मिळाली नसती.

घोडा की साप हे आधी घे. चिनी वर्षांना ओळीने बारा प्राण्यांची नावं असतात. १९९० मध्ये चिनी नवं वर्ष लागलं २७ जानेवारीला, म्हणजे तुझ्या जन्माच्या तीन दिवस आधी, आणि ते वर्ष घोड्याचं. हे नवं वर्ष चंद्रावर चालतं, कंदील, फटाके, लाल पाकिटं सगळं त्या दिवशी. पण जन्मपत्रिकेचं वर्ष तिथं सूर्यावर चालतं आणि ते लागतं 'लीचून'ला, म्हणजे वसंताच्या सुरुवातीला, दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या आसपास. तू त्याच्या आधी जन्मलीस म्हणून पत्रिकेत तू अजून जुन्या, सापाच्या वर्षात आहेस. हे मराठी माणसाला समजायला जड जायला नको, आपले पाडवा दिवाळी सगळे तिथीने मागेपुढे होतात आणि संक्रांत तेवढी सूर्याची म्हणून १४-१५ जानेवारीला चिकटून बसते, अगदी तसंच. हॉटेलात टेबलावर कागद अंथरतात ना, उंदीर बैल वाघ छापलेला, तो चंद्राच्या वर्षाने चालतो. पत्रिका लीचूनने.

मकर आणि कुंभ हे भांडण तर आपल्या घरचंच आहे. पाश्चात्त्य लोक सायन मोजतात, म्हणजे वसंतसंपाताला, मार्चच्या २०-२१ला, सूर्य जिथं असेल तिथून मेष सुरू. आपण निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून. या दोघांत आज जवळपास २४ अंशांचं अंतर पडलंय, तेच अयनांश. तुझ्या जन्माला सूर्य सायन कुंभेत दहाव्या अंशाच्या आसपास होता, त्यातून २४ वजा कर, पोचलीस मकरेत. गुरुजी पण बरोबर आणि मासिक पण बरोबर. शिवाय आपण 'रास' म्हणतो ती चंद्राची, मासिकवाले सूर्याची म्हणतात, तो घोळ वेगळाच. आणि ही सूर्यराशीची भविष्यं काही फार प्राचीन नाहीत बरं का, १९३० मध्ये लंडनच्या संडे एक्सप्रेसने राजकन्या मार्गारेटच्या जन्मावर आर. एच. नेलरकडून लिहून घेतलं, ते लोकांना आवडलं आणि तिथून पेपरात राशिभविष्याची साथ पसरली. त्याआधी ग्रहांची अख्खी पत्रिकाच मांडायचे, टॉलेमी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून जे लिहून गेला त्या वळणाची.

गंमत म्हणजे चिनी वर्षसुद्धा सायनच आहे. वर्षाचे २४ भाग, सूर्य १५ अंश सरकला की एक भाग संपला. लीचूनला सूर्य ३१५ अंशांवर असतो, म्हणजे पाश्चात्त्यांच्या कुंभेच्या बरोब्बर मध्यावर. त्यांचा कुंभ अर्धा झाला की यांचा वाघाचा महिना सुरू, त्यांचा मीन अर्धा झाला की यांचा सशाचा. म्हणून 'कुंभ म्हणजे चिनी वाघ' असले तक्ते फिरतात ना, ते सरळ डिलीट करायचे, निम्मे लोक चुकीच्या खान्यात पडतात.

आता असली पत्रिका. तिला म्हणतात बाझी, ताशाची बाजी नाही, चिनीत 'बा' म्हणजे आठ आणि 'झी' म्हणजे अक्षर. वर्ष, महिना, दिवस आणि वेळ असे चार खांब, प्रत्येक खांबावर दोन अक्षरं, वरचं आकाशाचं खोड, खालचं पृथ्वीची फांदी. खोडं दहा, कारण लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी हे पाच आणि प्रत्येकाचं यांग आणि यिन, मोठं आणि कोवळं म्हण. फांद्या बारा, तेच उंदीर ते डुक्कर. दोन्ही एकेक पाऊल पुढं सरकत राहतात आणि ६० जोड्यांनी पुन्हा पहिल्यावर येतात, आपल्या प्रभव विभव ६० संवत्सरांसारखं, फक्त आपण वर्षांनाच नावं देऊन थांबलो आणि त्यांनी महिना, दिवस, तास सगळ्यांना तीच माळ घातली.

तुझे खांब मी हाताने काढले. वर्ष : यिन माती, साप. महिना : यिन अग्नी, बैल. दिवस : यिन लाकूड, बकरी. चौथा वेळेचा, त्यात सगळी भानगड आहे, त्यावर येतोच.

यात 'तू' कुठली? वर्षाची नाहीस. फार पूर्वी, तांग राजांच्या काळात, ली शूझोंग नावाच्या माणसाची पद्धत वर्षाच्या खांबावर चालायची, आणि त्यात जन्मवेळ धरत नव्हते म्हणतात. पुढं सोंग काळात शू झीपिंगच्या नावाने जी पद्धत आली तिने दिवसाचं खोड हाच 'मी' मानला आणि आज सगळे त्याच वाटेने जातात. म्हणजे घोडा की साप यावरून तुझी आई आणि तू रात्री भांडत असाल तर तो प्रश्न जाणकारांनी साधारण हजार वर्षांपूर्वीच बाजूला ठेवलाय. तू म्हणजे यिन लाकूड. यांग लाकूड म्हणजे वडपिंपळ, यिन लाकूड म्हणजे वेल, गवत, दारातला जाईचा मांडव. पाश्चात्त्य पत्रिकेत 'मी' कोण म्हणून विचारलं तर सूर्य, चंद्र आणि लग्न (म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) असे तिघं उठून उभे राहतात, तुझं त्यांच्या हिशोबाने वृषभ लग्न येतं आणि आपल्याकडे मेष. इथं एकच उभा राहतो, आणि बाकीची सात अक्षरं त्याची कोण लागतात हे बघायचं असतं. नातेवाईकच म्हण ना. लाकडाला पाणी वाढवतं, ती आई. लाकूड अग्नीला जन्म देतं, ते पोर, तुझं कर्तृत्व. लाकूड मातीत मुळं घालून तिला धरतं, ती तुझी संपत्ती. धातू लाकडाला कापतो, तो अधिकार, साहेब, आणि जुन्या लोकांच्या डोक्यात बायकांसाठी नवरा. (कुऱ्हाड म्हणजे नवरा. मी काही बोलत नाही, आमच्या हिला विचारा.)

आता तुझी दोन ॲप. चिनी दिवस बारा प्रहरांचा, एकेक प्रहर दोन तासांचा, रात्री ११ ते १ उंदीर, असं करत सकाळी ९ ते ११ साप, ११ ते १ घोडा. तू ११.२० ची, म्हणजे घोडा, वेळेचा खांब यांग पाणी घोडा. पण हे ११.२० कुणाचे? घड्याळाचे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, मिर्झापूरच्या बाजूला, आणि नागपूर ७९ च्या थोडं पुढं आहे, म्हणजे नागपुरात सूर्य जवळपास १४ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. आता झाले ११.०६. तरी घोडाच. पण जानेवारीच्या शेवटी सूर्य स्वतःच घड्याळापेक्षा १३ मिनिटं मागे चालत असतो, पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस तिरपा असल्यामुळे, ती वजा केली की झाले १०.५३. गेला घोडा, आला साप, आणि वेळेचा खांब झाला यिन धातू साप. एका ॲपने घड्याळ घेतलं, दुसऱ्याने सूर्य. घड्याळाने मोजलं तर लाकूड एक, अग्नी तीन, माती तीन, पाणी एक, धातू शून्य. सूर्याने मोजलं तर धातू एक आणि पाणी शून्य. सत्तावीस मिनिटांत नवरा आला आणि पाणी गेलं, आपल्या नळासारखं.

जुने लोक सूर्याची वेळ धरायचे कारण त्यांच्याकडे दुसरी होतीच कुठे, म्हणून मी पण तीच धरतो. पण आईला याच्यापेक्षा मोठी गोष्ट सांग. 'शून्य' हे वरवरचं मोजणं आहे. प्रत्येक फांदीच्या पोटात खोडं लपलेली असतात. तुझ्या बैलात माती आहे, तिच्यासोबत पाणी आहे आणि धातूही आहे. सापात अग्नी, माती आणि धातू. म्हणजे घड्याळ धरा नाहीतर सूर्य धरा, तुझ्या पत्रिकेत पाणी आणि धातू दोन्ही आहेत, फक्त ॲपवाल्याने पिशवी उघडून नाही पाहिली, बाहेरूनच चाचपली. आणि तुझ्याकडे माती भरपूर आणि वेल नाजूक, अशा पत्रिकेला तिकडे म्हण आहे, 'श्रीमंताच्या वाड्यातला गरीब माणूस', संपत्ती समोर दिसते पण उचलायला अंगात जोर हवा. नवऱ्यापेक्षा मी तर यावर विचार केला असता, झोप बरोबर घेते का ते सांग.

दशा, म्हणजे आयुष्याचे टप्पे, ती पण वेगळी आहे हां. आपली विंशोत्तरी १२० वर्षांची, चंद्राच्या नक्षत्रावरून, शुक्राला २० वर्षं तर रवीला ६. चिनी दशा सरसकट दहा-दहा वर्षांच्या, आणि त्या पुढं चालायच्या की मागं हे जन्मवर्ष यिन की यांग आणि बाळ मुलगा की मुलगी यावर ठरतं. तू यिन वर्षातली मुलगी म्हणून तुझ्या पुढं चालतात, जन्मापासून पुढच्या चिनी महिन्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे लीचूनपर्यंत, पाच दिवसांना थोडे कमी, तीन दिवसांचं एक वर्ष धरायचं, म्हणजे वयाच्या दीड-पावणेदोनला पहिली लागली. त्याच मिनिटाला तुझा जुळा भाऊ जन्मला असता तर आठ अक्षरं तीच पण दशा उलट्या, आणि पहिली लागायला त्याला आठ वर्षं थांबावं लागलं असतं. पाश्चात्त्य किंवा आपल्या गणितात भाऊबहिणीचा असा फरक पडत नाही, मला तरी ही फार वेगळी चाल वाटते. आणि सध्या तुला जी दशा चालू आहे, साधारण २०२१ पासून, तिचं खोड यिन धातू आहे. आईला एवढंच वाचून दाखव, जेवेल ती.

प्रश्न : सर, मी इंजिनीअरिंगचा स्टुडंट, हिंगण्याला कॉलेज. तुम्ही म्हणता ग्रह लागत नाही, मग ती पत्रिका कशाची? आणि चिनी लोकांना ग्रह माहीतच नव्हते काय?

उत्तर : माहीत नव्हते कसे बाप्पा, ग्रहणं आणि धूमकेतूंच्या त्यांच्या नोंदी आजही शास्त्रज्ञ वापरतात. बाझीत ते वापरत नाहीत, एवढंच. असं समज, पाश्चात्त्य पत्रिका म्हणजे जन्माच्या क्षणी आभाळाचा काढलेला फोटो, कोणता ग्रह कोणत्या अंशावर, कोण कोणाकडे ९० अंशांनी बघतो, पूर्वेला काय उगवत होतं. नवा ग्रह सापडला की फोटोत नवा माणूस, युरेनस १७८१ ला सापडला, नेपच्यून १८४६ ला, प्लूटो १९३० ला, आणि पाश्चात्त्य ज्योतिषांनी तिघांना पंगतीत बसवून घेतलं, प्लूटोला तर २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी उठवलं तरी यांनी नाही उठवलं. बाझी म्हणजे कॅलेंडरचं फाडलेलं पान. सूर्य त्यात आहे, पण ऋतू ठरवण्यापुरता. दिवसाची ६० ची माळ तर आभाळाकडे बघतही नाही, तुझ्या आगगाडीच्या डब्यांसारखी नुसती सरकत राहते, १ जानेवारी २००० ला यांग माती घोडा होता, त्यात ६० मिळव की पुन्हा तोच. कॉलेजातला पोरगा दहा ओळींचा प्रोग्राम लिहून काढू शकतो, लिहून बघ.

म्हणूनच किती वेगवेगळ्या पत्रिका होऊ शकतात हेही मोजता येतं. वर्षं ६०, महिने १२, दिवस ६०, प्रहर १२, गुणाकार ५,१८,४००. बस. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहरच २४ लाखांच्या घरात होतं, म्हणजे एकट्या नागपुरात तुझ्याशी आठही अक्षरं जुळणारी माणसं निघायला काही हरकत नाही, सदरला एक, महालात एक. पाश्चात्त्यांचा फोटो मात्र मिनिटामिनिटाला हलतो, लग्न चार मिनिटांत एक अंश सरकतं.

पण चिनी म्हणजे फक्त बाझी नाही, आणि इथं आपला संबंध येतो. तांग दरबारात भारतीय वंशाचे ज्योतिर्विद नोकरीला होते. गौतम सिद्ध, चिनी उच्चारात छूतान शीदा, यांनी ७१८ मध्ये नवग्रहांचं गणित चिनीत आणलं. राहू-केतू पण गेले, तिकडे ते लोहोउ आणि जीदू झाले. त्यातून ग्रहांवर चालणारी एक चिनी पद्धतही उभी राहिली, सात ग्रह आणि चार छायाग्रह अशी, तीत खरे ग्रह, घरं, सगळं आहे. ती मागे पडली, गणित अवघड म्हणून असेल, बाझीला पेरं पुरतात ना. आणि तिसरी झी वेई दोउ शू, तिचा कागद पाहिलास तर तुला वाटेल आपलीच कुंडली, बारा घरं, पालक भावंडं धन जोडीदार. त्यात शंभरावर तारे मांडतात, मुख्य चौदा, पण दुर्बिणीतून शोधायला जाऊ नकोस, ते चांद्र वर्ष, महिना, तिथी आणि प्रहरावरून मोजून बसवलेले असतात. त्यातला झी वेई म्हणजे ध्रुवाचा तारा, बाकीच्यांचा राजा. पाश्चात्त्यांचं सगळं क्रांतिवृत्तावर, सूर्य चालतो त्या वाटेवर, आणि जुन्या चिनी आभाळाचं केंद्र ध्रुव, राजा जागचा हलत नाही, बाकी सगळे फिरतात. गांधीसागराजवळ रमण विज्ञान केंद्राचं तारांगण आहे, एकदा जा, ध्रुवाभोवती आभाळ फिरवून दाखवतात तेव्हा हे जास्त कळेल, माझ्या लिहिण्याने एवढं नाही कळणार.

प्रश्न : माझ्या सुनेला मार्चमध्ये दिवस भरतात. भिशीत एकीने सांगितलं की २०२६ हे अग्निघोड्याचं वर्ष आहे आणि मुलगी झाली तर नवऱ्याला खाते म्हणे. आता काय करावं? शांती वगैरे असते काय?

उत्तर : ताई, काहीही करायचं नाही. डिंकाचे लाडू करा.

तरी सांगतो हे कुठून आलं. २०२६ हे यांग अग्नी घोड्याचं वर्ष आहे हे खरं, ६० वर्षांनी येतं, याआधी १९६६, त्याआधी १९०६. बायकांबद्दलची ही भीती जपानातली. १९६५ मध्ये जपानात सुमारे १८.२ लाख बाळं जन्मली, १९६६ मध्ये एकदम १३.६ लाख, आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाखांवर. कुठली साथ नाही, युद्ध नाही, फक्त घोडा. लोकांनी पोरं होऊच दिली नाहीत. आपल्याकडे मूळ नक्षत्राच्या मुलीला सासरा नाही आणि मंगळाच्या मुलीला नवरा नाही म्हणून किती पोरी घरात बसवल्या, तोच हा रोग, भाषा फक्त जपानी. आणि वर सांगितलं तसं, वर्षाचा प्राणी म्हणजे आठातलं एक अक्षर, तेही 'मी' नव्हे. बाझीवालासुद्धा एका अक्षरावरून माणसाचं आयुष्य सांगणार नाही, ज्याने सांगितलं त्याला बाझी येत नाही. भिशीतल्या बाईंना माझा नमस्कार सांगा आणि पुढच्या वेळी चहा त्यांच्याकडे ठेवा.

प्रश्न : तीन पायांचा बेडूक तोंडात नाणं घेऊन दुकानात ठेवला तर चायनीज कुंडली सुधरते का? — इतवारीतून

उत्तर : नाही. तो फेंगशुईच्या बाजारातला, पत्रिकेचा नाही. गल्ला सुधारायचा तर उधारी वसूल करा.

प्रश्न : काका, माझे वडील १९४३ चे. त्यांच्या वहीत आजोबांच्या अक्षरात 'सकाळी ७, मिलचा भोंगा झाला' एवढंच आहे. मला त्यांची पाश्चात्त्य आणि चिनी दोन्ही पत्रिका काढून पाहायच्या आहेत, ते आता नाहीत, पण पाहायच्या आहेत. वेळ बरोबर धरू काय?

उत्तर : वाचून बरं वाटलं. एम्प्रेस मिलचा भोंगा म्हणजे अर्ध्या नागपूरचं घड्याळ होतं, १८७७ पासून.

पण १९४३ म्हणजे सावध राहा. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे घड्याळं एक तास पुढे केली होती, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत सलग, आणि भोंगा घड्याळावर वाजतो, सूर्यावर नाही. म्हणजे वहीतले ७ म्हणजे आजच्या हिशोबाने ६, आणि नागपूरच्या सूर्याने पावणेसहाच्या आसपास, महिना कळला की त्यातली शेवटची काही मिनिटं पण काढता येतील. पाश्चात्त्य पत्रिकेत हा तासाचा फरक म्हणजे लग्न जवळजवळ अर्धी रास मागे जातं, बहुतेक घरंही बदलतात, सॉफ्टवेअर हे आपोआप धरतं की नाही ते तपासून घ्या, काही धरतात, काही नाही. चिनीत ७ ही नेमकी प्रहराची सीमा, ७ धरले तर ड्रॅगन, पावणेसहा धरले तर ससा. माझ्या मते ससाच.

आणि समजा भोंगाही आठवत नसता, नुसता दिवस माहीत असता, तर पाश्चात्त्य पत्रिकेचं लग्न आणि घरं गेलीच असती, ग्रह तेवढे राहिले असते. बाझीत वेळेचा खांब मोकळा सोडतात, सहा अक्षरांवर वाचतात, ली शूझोंगचं तर तेवढ्यावरच भागायचं.

वडिलांची पूर्ण तारीख पाठवा, खांब मी काढून देतो. आणि वहीच्या त्या पानाचा फोटो पण पाठवा, आजोबांचं अक्षर बघायचंय.